जुन्या ट्रकच्या इंजिनातील कार्बन : घरी काय काढावे, कशाला हात लावू नये



कारखान्याचा पट्टा पडून आता काही महिने झाले. फडात ऊस वाढतो आहे आणि ऊस ओढणारे ट्रक दारात, शेडखाली विसावले आहेत. या दिवसांत आमच्याकडे येणारी विचारणा बहुतेक लागणीची, खताची नाही तर हुमणीची असते. पण तोडणी-वाहतुकीचे कामही शेतकी खात्याकडेच असल्यामुळे दरसाल आणखी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, गाडी जुनी झाली. काळा धूर मारते, चढाला ओढत नाही, डिझेल जास्त खाते. मिस्त्री म्हणतो कार्बन धरलाय, हेड खोलावं लागेल. हे घरी जमेल का?"

आपल्या गॅरेजमधील मिस्त्री मंडळींशी बोलून आम्ही या प्रश्नाचे उत्तर येथे देत आहोत. थोडक्यात सांगायचे तर काही कामे घरी जमतील आणि काही मुळीच करू नयेत. शिवाय कार्बन खरवडणे हे निम्मेच काम आहे. तो का धरला याचा शोध न घेता नुसता खरवडला, तर तो पुन्हा धरणारच. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार.

हा विषय ऊस विकासाचा कसा?

ऊस तुटला त्या घटकेपासून त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटू लागतात. उन्हात पाणी उडते, कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि साखरेचे विघटन सुरू होते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा, असे आपण सांगत असतो. गाडी चढावर बसली, रात्रभर रस्त्यात उभी राहिली, की भरलेल्या सबंध खेपेचे वजन काट्यावर येण्याआधीच कमी होते. हा तोटा एकट्या गाडीवाल्याचा नाही. ज्याचा ऊस त्यात आहे त्याचा तो आहे. उतारा घसरला तर सर्वांचाच आहे, कारण उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे.

कार्बन येतो कुठून?

गुऱ्हाळाच्या चुलवाणात ओले चिपाड सारले की काय होते हे आपणांस सांगायला नको. जाळ दबतो, धूर कोंदतो आणि काजळी धरते. इंजिनातही तेच होते. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे १० हजार लिटर हवा लागते, आणि ही कमीत कमी झाली. धूर न होता जळायचे तर याहून बरीच जास्त हवा हवी. हवा कमी पडली किंवा डिझेल जास्त पडले, की न जळलेला भाग काजळी होऊन बसतो. त्यात रिंगांवाटे वा व्हॉल्वच्या गाइडमधून वर आलेले ऑईल जळते. काजळी आणि जळके ऑईल मिळून दगडासारखा टणक थर होतो.

टाटाचे ६९७ इंजिन जुन्या गाडीवाल्यांच्या परिचयाचे आहे. ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७. एकूण मापाने ते सुमारे ५,६७५ घन सेंटिमीटरचे, म्हणजे एका सिलिंडरला जवळजवळ ९४६. असे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालत असता मिनिटाला साडेचार-पाच हजार लिटर हवा ओढते. ही सगळी हवा आपल्या फडाच्या आणि गाडीवाटेच्या धुळीतून येते. एअर क्लीनर चोंदला तर काय होईल याची कल्पना यावरून यावी.

कार्बन धरण्याची नेहमीची कारणे अशी :

१. चोंदलेला एअर क्लीनर.

२. नोझल खराब असणे. डिझेल धुक्यासारखे फवारले जाण्याऐवजी थेंब थेंब गळते, आणि थेंब नीट जळत नाही.

३. जास्त माल ओढावा म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल 'वाढवून' घेणे. हवा तेवढीच राहते आणि डिझेल मात्र जास्त पडते. जोर थोडा वाढतो, पण धूर त्याहून वाढतो.

४. थर्मोस्टॅट काढून टाकणे. इंजिन तापू नये म्हणून पुष्कळ जण हे करतात. मग इंजिन पुरते गरमच होत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि थंड भिंतींवर काजळी बसते.

५. केन यार्डात रांगेत तासन् तास इंजिन आयडलवर ठेवणे. आयडलवर सिलिंडर थंड राहतो. डिझेल वाया जाते ते वेगळेच.

६. भेसळीचे डिझेल, आणि वरच्या गिअरात इंजिन दाबून चढ काढण्याची सवय.

७. झिजलेल्या रिंगा, गाइड आणि लायनर. येथे दोष झिजेचा असल्याने कार्बन काढून उपयोग होत नाही.

आधी धूर ओळखावा

आपला बॉयलरवाला चिमणीकडे पाहून भट्टीचे हाल सांगतो, तसेच हे आहे. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर असेल तर ऑईल जळत आहे. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर चालेल. गरम झाल्यावरही येत राहिला, तर कॉम्प्रेशन कमी आहे किंवा नोझल अथवा टायमिंगमध्ये दोष आहे. सोबत रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा.

इंजिन थंड असता सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. कोरडी काजळी आली तर दुखणे हवा-डिझेलचे आहे. चिकट, ओलसर आली तर ऑईलचे आहे. ही साधी परीक्षा पुष्कळ खर्च वाचवते, बरं का.

हेड न खोलता घरी करण्याची कामे

पहिले काम एअर क्लीनरचे. जुन्या गाड्यांना ऑईल बाथ असतो. त्याचे भांडे काढून गाळ टाकावा, जाळी रॉकेलने धुऊन वाळवावी आणि खुणेपर्यंतच नवे ऑईल भरावे. खुणेपेक्षा जास्त ओतले तर ते इंजिनात ओढले जाते आणि त्याचाच कार्बन होतो. कधी कधी इंजिन त्या ऑईलवरच भरधाव सुटते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. कागदी फिल्टर असेल तर तो धुऊ नये, आपटू नये. काळा पडला की बदलावा. क्लीनरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपला चीर नाही ना, क्लिपा घट्ट आहेत ना, हेही पाहावे.

दुसरे काम नोझलचे. दोष कोणत्या सिलिंडरचा हे ओळखण्यासाठी इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलकडील डिझेल पाइपचा नट फडक्याखाली किंचित ढिला करून पुन्हा आवळावा. चांगला सिलिंडर बंद पडताच इंजिनाचा आवाज बदलतो. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज बदलत नाही किंवा काळा धूर थांबतो, त्याच सिलिंडरमध्ये दोष आहे. हात व तोंड धारेसमोर मुळीच आणू नये. जुन्या नोझलचा दाबही २०० बारच्या आसपास असतो आणि तेवढ्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. असे झाले तर जखम सुईएवढी दिसली तरी तत्काळ डॉक्टरकडे जावे. ही परीक्षा फक्त जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावरच करावी.

नोझल काढता येतात, पण त्यांची दुरुस्ती घरी करू नये. सगळे नोझल पंपवाल्याकडे नेऊन दाब आणि फवारा तपासून घ्यावा. टोकावर तारेचा ब्रश किंवा सुई चालवू नये, भोके मोठी होतात. परत बसवताना जुना तांब्याचा वॉशर भोकात राहिला नाही ना, हे बॅटरी लावून पाहावे. जुन्यावर नवा वॉशर बसला तर नोझल वर राहते, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि महिन्याभरात पुन्हा धूर सुरू होतो.

तिसरे काम टॅपेटचे. इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या मापाप्रमाणे फीलर गेजने टॅपेट लावावे. थंड इंजिनाचे माप दिले आहे की गरम, हे वाचूनच लावावे. चौथे, थर्मोस्टॅट काढलेला असल्यास नवा बसवावा. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करावा, तेच त्याचे खरे औषध आहे.

एवढे झाल्यावर ऑईल व फिल्टर बदलून गाडी माफक भाराने तासभर हमरस्त्याने, योग्य गिअरात, इंजिन पुरते गरम ठेवून चालवावी. मऊ काजळी अशाने जळून जाते. सायलेन्सरमधून ठिणग्या उडण्याचा संभव असतो, म्हणून पाचटाच्या फडाजवळ किंवा गंजीशेजारी हा प्रयोग करू नये. पुष्कळ गाड्यांचा धूर एवढ्यानेच उतरतो आणि हेड खोलण्याची पाळी येत नाही.

हे उपाय करू नयेत

चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपात पाणी ओतून कार्बन सोडवण्याची एक युक्ती सांगितली जाते. हिशेब पाहा. ६९७ मध्ये हवा सुमारे १७ पट दाबली जाते. म्हणजे पिस्टन वर आला की ९४६ घन सेंटिमीटरच्या सिलिंडरवर सुमारे ५९ घन सेंटिमीटर एवढीच जागा उरते. ती म्हणजे टपरीवरचा एक कटिंग चहा! पाणी दाबले जात नाही. तेवढे पाणी एका सिलिंडरात गेले की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. डिझेल किंवा रॉकेल हवेतून फवारणे तर आणखी धोक्याचे, इंजिन सुसाट सुटते.

आपल्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतील क्षार कॉस्टिक सोड्याने सुटतात. म्हणून पिस्टनही कॉस्टिकमध्ये बुडवावा, असे काहींच्या मनात येते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते. पिस्टन जागेवर फुकट जाईल. ऑईलमध्ये रॉकेल मिसळून गाडी पळवणे हाही घातक प्रकार आहे, कारण ऑईल पातळ होऊन बेअरिंगे जातात. डिझेलमध्ये टाकण्याच्या बाटल्यांनी नोझलची घाण थोडीफार सुटत असेल, पण पिस्टनवरचा टणक थर त्याने सुटत नाही.

हेड खोलायचेच झाले तर

वरील सर्व करूनही फरक पडला नाही, तर आधी गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. रिंगा आणि लायनर गेले असतील तर पूर्ण काम करावे लागेल, नुसते हेड खोलण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेशन ठीक असून फक्त कार्बनच असेल, आणि घरात या कामाचा सराव असलेला माणूस, टॉर्क पाना, चेन पुली आणि इंजिनचे पुस्तक असेल, तरच घरी हात घालावा. यांपैकी एकही नसेल तर मिस्त्रीकडे द्यावे. मात्र पुढील गोष्टी तेथेही उभे राहून करून घ्याव्यात.

१. चाकांना ओट लावावा, बॅटरी सोडवावी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पाणी काढावे. गरम हेड सोडवले तर ते वाकते.

२. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत पुशरॉड आणि व्हॉल्व नंबरवार खोचून ठेवावेत. प्रत्येक भाग आपापल्या जागी परत गेला पाहिजे.

३. हेडचे नट बाहेरून आत, थोडे थोडे करून ढिले करावेत. हेड खाली ठेवण्याआधी नोझल काढावेत, नाही तर त्यांची टोके मोडतात.

४. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासून उडवू नये. ओले करून अलगद सोडवावे. काजळीवरही हवेचा पाइप मारू नये. नाकातोंडाला मास्क बांधावा. डिझेलचा धूर कर्करोगास कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केलेले आहे.

५. ज्या इंजिनात लायनरभोवती पाणी खेळते, तेथे हेड नसताना इंजिन फिरवण्यापूर्वी लायनर पट्टीने दाबून धरावेत. लायनर उचलला तर खालचा रबर जातो आणि पाणी ऑईलमध्ये उतरते.

६. साफ करायचा पिस्टन अगदी वर आणावा. बाकीचे सिलिंडर, पाण्याची व ऑईलची भोके स्वच्छ फडक्यांनी बुजवावीत. पिस्टन व लायनर यांमधील फटीत ग्रीस भरावे. मग रॉकेलने थर भिजवून बांबूच्या किंवा लाकडाच्या चपट्या कामटीने खरवडावा. लोखंडी छिन्नी आणि पॉलिश पेपर वापरू नये. पेपरची रेती लायनरला कापते.

७. जुन्या इंजिनात पिस्टनच्या कडेची चार-पाच मिलिमीटरची कार्बनची कड तशीच ठेवावी. ही जुन्या मिस्त्रींची रीत आहे. ती कड ऑईल वर येण्यास थोडा अटकाव करते. साफ झाल्यावर पिस्टन खाली नेऊन लायनरला लागलेले ग्रीस अडकलेल्या काजळीसह पुसून घ्यावे.

८. व्हॉल्व बारीक पेस्टने घासून नंतर पेस्टचा कणही राहणार नाही असे धुवावेत. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवावे. ते व्हॉल्वखालून झिरपले नाही तर बैठक बरोबर आली असे समजावे. रिंगांच्या खाचांतील कार्बनसाठी पिस्टन बाहेर काढावा लागतो, ते काम मिस्त्रीचेच.

९. गॅस्केट नेहमी नवेच घालावे. नट मधून बाहेर, तीन-चार फेऱ्यांत, पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत. ते पुन्हा आवळायचे की नाही आणि कधी, हेही पुस्तकाप्रमाणेच करावे. शेवटी टॅपेट लावून, डिझेलमधील हवा काढून, ऑईल व फिल्टर बदलूनच गाडी चालू करावी.

धुतलेले रॉकेल आणि जळके ऑईल पाटात किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नये. डब्यात साठवून रीतसर विल्हेवाट लावावी.

नव्या गाड्यांना हे लागू नाही

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्या, आणि त्याआधीच्याही कॉमन रेल इंजिनाच्या गाड्या यांचे तंत्र वेगळे आहे. त्यांच्या डिझेल लाइनमध्ये हजार बारहून जास्त दाब असतो, तेथे नट ढिला करणे म्हणजे जिवाशी खेळ. काजळी अडवणारी गाळणी, धूर परत फिरवणारा व्हॉल्व, युरियाचे द्रावण ही सर्व यंत्रणा संगणकाशी जोडलेली असते. मीटरवर दिवा लागला की ती गाडी कंपनीच्या माहीतगार वर्कशॉपमध्येच न्यावी.

पुन्हा धरू नये म्हणून

हंगामात एअर क्लीनर दर आठवड्याला उघडून पाहावा. धुळीचा रस्ता असेल तर दोन-तीन दिवसांनी. यार्डात नंबर लांब असेल तर इंजिन बंद करावे. चालू करायला जड जाते म्हणून कोणी चालूच ठेवत असेल, तर बॅटरी व स्टार्टर आत्ताच दुरुस्त करून घ्यावा. ते रोज वाया जाणाऱ्या डिझेलपेक्षा स्वस्त पडते. चढाला वेळीच खालचा गिअर टाकावा. पंपाचे सील तोडू देऊ नये, आणि मर्यादेबाहेर भार घालू नये. भरलेले डिझेल आणि झालेले किलोमीटर वहीत मांडत जावे. धूर डोळ्यांना दिसण्याआधी ॲव्हरेज घसरल्याचे वहीत दिसते.

ही कामे पावसाळ्यातच उरकावीत. मोळी पडली, टोळ्या उतरल्या, की मिस्त्रीलाही वेळ नसतो आणि गाडीलाही. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी एअर क्लीनर, नोझल, टॅपेट आणि थर्मोस्टॅट ही चार कामे झालेली असावीत, एवढीच आमची वाहनधारक सभासदांना विनंती आहे. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यांनीही आपला ऊस ओढणाऱ्या गाडीच्या धुराकडे लक्ष द्यावे आणि काळा दिसल्यास गट ऑफिसला कळवावे. शेवटी गाडीत भरलेला ऊस आपलाच असतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते